जीप घाटात ओढत नव्हती

मिस्त्रींकडे गाडी नेली की ते आधी गाडीकडे बघतच नसत. डोक्यावरची पांढरी टोपी काढून निंबाच्या खोडाला ठोकलेल्या खिळ्यावर अडकवायची, माठातलं पाणी तांब्यात ओतून आलेल्या माणसाच्या हातात द्यायचं आणि त्याचं पिऊन होईपर्यंत गप्प बसायचं. मग एकच प्रश्न.

"शेवटची चांगली कवा चालली होती?"

काय बिघडलंय ते विचारत नसत. लोक घाईघाईनं सांगायला लागले, की हात वर करून थांबवत. "बिघाड मले गाडी सांगन. चांगली कवा होती थे तुमी सांगा."

मोताळ्याच्या बाहेर, बुलडाण्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला त्यांचं दुकान होतं. चार खांब, वर पत्रे आणि मागे ते निंबाचं झाड. घराणं माळ्याचं. भाऊ भाजीपाला पिकवायचा आणि यांनी हातात पाना घेतला, पण माती काही सुटली नव्हती. ऑइलचे रिकामे डबे आडवे कापून त्यांत वांग्याची, मिरचीची रोपं लावलेली असत. गाडी दुरुस्त होऊन निघाली, की मालकाच्या हातात एक रोप. नको म्हटलं तर रागवायचे. मलकापूरपासून धामणगावपर्यंत किती परसांत त्यांची वांगी फळली असतील, देव जाणे.

आणखी एक नवल म्हणजे त्यांना गाडी चालवता येत नसे. येत नसे म्हणजे त्यांनी शिकूनच घेतली नव्हती. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "वैद्यानं रोग्याच्या खांद्यावर बसू नाई बाई." चाचणीला जायचं झालं तर मागं बसत, तेही खाली पत्र्यावर, मांडी घालून, डोळे मिटून.

महाराष्ट्र राज्य होऊन सात-आठ वर्षं झाली असतील, तेव्हा मी धामणगाव बढ्याला आले. एका संस्थेचा फिरता दवाखाना होता, त्यावर डॉक्टर म्हणून. वय सव्वीस, माहेर पुण्याचं. पहिल्याच आठवड्यात एक बाई आली आणि म्हणाली, "पोट दुखून राह्यलं." मला वाटलं, दुखायचं ते दुखून झालं, आता थांबलं. मी तिला हसून घरी जायला सांगितलं. आमची नर्स, कौसल्याबाई, तिला दारातून परत घेऊन आली. "बाई, दुखून राह्यलं म्हंजे आत्ता दुखते!" त्या दिवसापासून मी ऐकायला शिकले, असं मला वाटत होतं.

दवाखान्याला एक जुनी जीप होती. मूळचं पेट्रोलचं इंजिन काढून तिच्यात डिझेलचं बसवलेलं. ती चालवायचा सुपडा. तिशीचा, सडपातळ, कमी बोलणारा. घर पार सोनाळ्याला, सातपुड्याच्या पायथ्याशी. घरी विधवा आई आणि बायको. रस्त्यात खड्डा आला, की हा आधी आरशात मागच्या रोग्याकडे बघायचा आणि मग ब्रेक दाबायचा. गाडीची काही तक्रार असली, की आम्ही मिस्त्रींकडे जायचो. त्यामुळे ते दोघं एकमेकांना चांगले ओळखत.

मिस्त्रींच्या त्या प्रश्नाची करामत मी डोळ्यांनी पाहिली होती. मलकापूरचा एक व्यापारी जुनी डिझेल मोटार घेऊन आला. गाडी ओढत नव्हती. तिघांनी इंजिन खोलून झालं होतं, पंप बदलून झाला होता. व्यापारी पाणी प्यायला. मिस्त्रींनी विचारलं. तो आठवत बसला. "पोरीच्या लग्नाआंधी ठीक होती."

"लग्नात गाडीले काय केलं?"

"काही नाही. धुतली, पुसली. आतून नवा गालिचा टाकला."

मिस्त्री उठले, दार उघडलं, वाकले आणि पायाखालच्या जाडजूड गालिच्याची घडी घालून ती व्यापाऱ्याच्या मांडीवर ठेवली. ॲक्सिलेटरचं पायडल खाली पुरतं दबतच नव्हतं. व्यापारी ओशाळला, थोडा चिडलासुद्धा. "एवढंच?"

"एवढंच असते बहुतेक," मिस्त्री म्हणाले आणि मिरचीचं रोप आणायला गेले.

मी तो प्रश्न माझ्या दवाखान्यात आणला. कुठं दुखतं हे विचारण्याआधी शेवटचं बरं कधी वाटत होतं, हे विचारू लागले. निम्मी औषधं कमी झाली. त्यामुळे मिस्त्रींबद्दल मला जवळजवळ भक्ती वाटायची. त्यांच्यात एक खोट होती, तीसुद्धा मला तेव्हा गुणच वाटली. ड्रायव्हर लोकांवर त्यांचा भरवसा नव्हता. "गाडी खोटं बोलत नाही. माणूस बोलते," असं ते वारंवार म्हणत, आणि मी मान डोलवत असे.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला जीप घाटात दम सोडू लागली. सपाटीला ठीक, पण राजूरचा घाट आला, की रखडायची. सुपडानं दोनदा सांगितलं. मी म्हटलं, बघू.

मग, तुळशीचं लग्न होऊन गेल्यावर, एक अडलेली बाई आली. पहिलटकरीण, बाळ आडवं. बुलडाण्याला नेण्यावाचून इलाज नव्हता. दुपारचे दोन वाजले होते. मी तिच्याजवळ मागं, कौसल्याबाई पायाशी, नवरा आणि दीर पुढं. घाटाच्या तिसऱ्या वळणावर जीप माणसाच्या चालीनं चालू लागली. सुपडानं पहिला गिअर टाकला होता, पाय पार खाली दाबलेला होता, तरी इंजिन नुसतं कण्हत होतं. नवरा, दीर आणि कौसल्याबाई उतरले आणि मागून लोटू लागले. ती पोर माझ्या हाताला नखं रुतवून विचारत होती, "बाई, गाडी काऊन थांबून राह्यली?"

आम्ही पोचलो. आईही वाचली आणि बाळही. पण शस्त्रक्रियेनंतर हात धुताना तिथले डॉक्टर म्हणाले, "आणखी अर्धा तास झाला असता, तर..." आणि त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. ते अर्धं वाक्य माझ्या डोक्यात रात्रभर फिरत राहिलं. सकाळी मी सुपडाला म्हटलं, "आत्ताच्या आत्ता मोताळ्याला."

त्या दिवशी मिस्त्रींच्या पुतणीची हळद होती. नवं धोतर नेसून ते दुकान बंद करून निघालेच होते. मी कालचं सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी टोपी काढली नाही. पाणी दिलं नाही. टाकीचं झाकण उघडून आत वास घेतला, चिंधी बुडवली, दोन बोटांत चोळली आणि पुन्हा हुंगली.

"रॉकेल."

मग सुपडाकडे बघितलं. "डिझल इकते अन् रॉकेल टाकते हा. गाडीचा काही दोष नाही."

सुपडाचा चेहरा उतरला. "नाही हो मिस्त्री. थो डबा..."

"गाडी खोटं बोलत नाही," मिस्त्री म्हणाले आणि हळदीला निघून गेले.

परतीच्या वाटेवर सुपडा पुन्हा म्हणाला, "बाई, थो डबा हाय ना..." मी म्हटलं, "सुपडा, मला काही ऐकायचं नाही. काल ती पोर मेली असती." संध्याकाळी मी संस्थेला पत्र लिहिलं. चार दिवसांत उत्तर आलं, की त्याला काढून टाका. सुपडानं किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि एवढंच म्हणाला, "बाई, म्या नाही टाकलं." मी दुसरीकडे बघत राहिले. तो गेला.

मलकापूरहून नवा ड्रायव्हर आला. टाकी रिकामी केली, धुतली, ताजं डिझेल भरलं. महिनाभर घाटात जायची वेळच आली नाही. आली, तेव्हा तिसऱ्या वळणावर जीप पुन्हा रखडली. त्या दिवशी गाडीत रोगी नव्हता, औषधांची खोकी होती, म्हणून निभावलं. मी मनाची समजूत घातली, की टाकीत जुनं काही राहिलं असेल.

दुसऱ्या दिवशी ब्रेक दाखवायला आम्ही मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आम्हाला पाणी दिलं आणि हातातलं दुसरं काम संपवत बसले. नवा ड्रायव्हर बोलघेवडा. उगीच बोलायचं म्हणून म्हणाला, "काय गाडी हाय मिस्त्री! घाटात असा काळा धूर सोडते का मांगचा रस्ता दिसत नाही."

मिस्त्रींचा हात थांबला.

"काळा?"

"काळाकुट्ट."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बाई, थ्या बाळंतणीच्या येळेस धूर कसा होता?"

मला क्षणभर आठवेना. मग कौसल्याबाई आठवल्या. मागून गाडी लोटताना त्यांचं पांढरं पातळ काळं झालं होतं, इतकं की बुलडाण्याला त्यांनी ते हौदावर धुतलं. मी तसं सांगितलं.

मिस्त्री जिथं होते तिथंच खाली बसले.

"रॉकेलनं काळा धूर येत नाही, बाई," ते म्हणाले. "काळा धूर म्हंजे डिझल पोटात चाललं, पण हवा भेटून नाही राह्यली. धूर कसा हाय, हे मी इचारलंच नाही."

त्यांनी बॉनेट काढून निंबाला टेकवून ठेवलं आणि म्हणाले, "घाटात चला." साठीचा तो माणूस मडगार्डवर बसला, एका हातानं काचेची चौकट धरली आणि दुसरा हात इंजिनात घातला. तिथं एक जाड रबरी नळी होती. हवेच्या जाळीपासून इंजिनापर्यंत हवा नेणारी. वरून अगदी धडधाकट दिसत होती. तिच्यावर पंजा ठेवून ते बसले. मी ओरडले, की पडाल. त्यांनी ऐकलं नाही. चढ लागला, ड्रायव्हरनं जोर दिला, मागं काळा लोट उठला आणि मिस्त्री ओरडले, "मिटली! हातात मिटली!"

खाली येऊन त्यांनी नळी सोडवली आणि सुरीनं उभी चिरली. बाहेरचा थर शाबूत, पण आतला केळीच्या सोपटासारखा सुटून लोंबत होता. "उभ्या गाडीत हा उघडा राह्यते," ते म्हणाले. "सपाटीलेबी चालून जाते. चढाले इंजिन जोरानं हवा ओढते अन् हा आतून मिटते. खोलून पाह्यलं तं काही दिसत नाही."

मग त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "पन टाकीत रॉकेलचा वास कुठून आला?"

मला ते तोवर उमगलं होतं. दवाखान्यात सुया उकळायचा स्टोव्ह होता. रॉकेलचा डबा गळू लागला, म्हणून कौसल्याबाई रॉकेल आणायला जीपचा जादा डिझेलचा डबा वापरू लागल्या होत्या. मला विचारूनच. मी "चालेल" म्हटलं होतं. त्याच डब्यातून सुपडा डिझेल ओतायचा. तळाशी उरलं असेल तेवढंच रॉकेल. त्यानं गाडी अडत नसते, पण वास येतो.

"सुपडा डबा डबा म्हणत होता," मी म्हटलं.

"हाव. म्या आयकलं होतं." त्यांनी चिरलेली नळी फडक्यात गुंडाळली. "उद्या सोनाळ्याले चला, बाई."

नवी नळी बसवून आम्ही सकाळीच निघालो. नांदुरा, मग पूर्णेचा पूल, मग जळगाव जामोद. शेतांत कापूस फुटलेला होता. सातपुडा जवळ येत गेला. फडक्यात गुंडाळलेली नळी मिस्त्रींच्या मांडीवर होती. सोनाळ्याच्या तोंडाशी पानठेल्यावर मी विचारलं, "सुपडा ड्रायव्हरचं घर कुठं?"

"कोन? रॉकेल्या?" पानवाला म्हणाला. "पाराच्या मांगं."

मलकापूरच्या बाजारातून बातमी आमच्या आधीच पोचली होती. त्याला कोणी गाडीवर घेत नव्हतं. तो लोकांच्या शेतात कापूस वेचायला जात होता.

मिस्त्री घराकडे गेले नाहीत. ते पारावर गेले. तिथं सात-आठ माणसं बसली होती. ते चढून उभे राहिले आणि एखादा अपराधी पंचांपुढे उभा राहावा तसे बोलू लागले. एरवी चार शब्दांवर पाचवा न बोलणारा माणूस.

"मी मोताळ्याचा मिस्त्री. तुमच्या गावच्या सुपडानं रॉकेल टाकलं असं मीच म्हटलं होतं. थे खोटं हाय. गाडीत बिघाड हा होता." त्यांनी नळी उघडून दाखवली, आतला थर बोटानं उचलून दाखवला, एकेकाच्या हातात दिली. "त्याचा काही दोष नाही. दोष माह्या डोक्याचा हाय."

तोवर कोणी तरी सुपडाला शेतातून बोलावून आणलं. त्याच्या कमरेला कापसाची ओटी तशीच होती. मागोमाग त्याची आई आली. उंच, काटक म्हातारी. तिनं मिस्त्रींकडे बघितलं आणि म्हणाली, "तूच का थो? तुह्या जिभेले काटे फुटतीन रे. माह्या लेकरानं कवा कोनाच्या काडीले हात नाही लावला." मिस्त्री मान खाली घालून ऐकत राहिले. पारावरचं कोणी तिला आवरायला उठलं, तर यांनीच हातानं नको म्हटलं.

सुपडा शांत होता. त्यानं नळी हातात घेतली, आत बोट घालून बघितलं. ड्रायव्हरच तो, लगेच समजला. मग विचारलं, "मिस्त्री, तुमी सगळ्यायले इचारता. मले काऊन नाही इचारलं?"

"घाई होती. पोरीची हळद..." मिस्त्री थांबले. मग म्हणाले, "नाही. हळद संध्याकाळी होती. घाई नव्हती. मले वाटलं, मले समजलं."

सुपडा माझ्याकडे वळला. मला वाटलं, आता माझी पाळी. पण तो रागानं बोलला नाही, हे जास्त जड गेलं. "बाई, तुमी कागद लिहिला होता. आता दुसरा लिवा. अन् इथंच वाचून दाखवा."

मी पारावर बसून लिहिलं. डब्याचं लिहिलं, तो मीच वापरू दिला हे लिहिलं, सुपडानं दोनदा सांगायचा प्रयत्न केला आणि मी ऐकलं नाही, हेही लिहिलं. मग उभं राहून मोठ्यानं वाचलं. सुपडा म्हणाला, "आणखीन एकदा." मी पुन्हा वाचलं. खाली माझी सही, तिच्याखाली मिस्त्रींची. त्यांना सही करायला बराच वेळ लागला.

सुपडाच्या बायकोनं आम्हाला भाकरी वाढली. म्हातारी आत बसून राहिली. निघताना मिस्त्री दाराशी गेले आणि म्हणाले, "माय, मी चाललो." आतून उत्तर आलं नाही.

आठवड्यानं सुपडा कामावर हजर झाला, आणि पुढं मी तिथं होते तोवर, म्हणजे एकोणीस वर्षं, तोच गाडीवर होता. नवा ड्रायव्हर मलकापूरला दुसरीकडे लागला. मिस्त्रींनी त्या दिवसानंतर 'गाडी खोटं बोलत नाही' हे वाक्य टाकून दिलं. कुणी ड्रायव्हर गाडी घेऊन आला, की ते त्याला सावलीत बसवत, पाणी देत आणि मालकाच्या आधी त्याला विचारत.

आणि दर वर्षी, कापूस फुटला की ते एसटीनं सोनाळ्याला जाऊ लागले. सुपडानं नको म्हटलं तरी जात. पहिल्या वर्षी म्हातारी त्यांच्याशी बोललीच नाही. सुनेनं वाढलं, हे जेवले, परत आले. दुसऱ्या वर्षी तिनं स्वतः ताट ठेवलं, पण शब्द नाही. तिसऱ्या वर्षी यांना दोन दिवस उशीर झाला, तर दारातच म्हणाली, "काल काऊन नाही आला? भाजी वाया गेली ना!" मिस्त्रींनी मोताळ्याला परत आल्यावर हे मला तीनदा सांगितलं. तेव्हा ते लहान मुलासारखे दिसत होते.

असं दहा-बारा वर्षं चाललं. मग एका उन्हाळ्यात मिस्त्री गेले. सकाळी उठलेच नाहीत. सुपडानं खांदा दिला, पण आईला सांगायचं धाडस त्याला होईना. म्हातारी थकली होती, ऐकू कमी येत होतं, घराबाहेर पडत नव्हती. कापूस फुटला तसं तिनं दोनदा विचारलं, मिस्त्री कवा येते म्हणून. तेव्हा सुपडा मला म्हणाला, "बाई, तुमीच सांगा."

आम्ही गेलो. ती ओसरीवर बसली होती. मी जवळ बसून तिच्या कानाशी सांगितलं. तिनं एकदाच मान हलवली. मग म्हणाली, "त्याले माफ केलं, असं म्या कवा म्हटलंच नाही वं बाई."

सुपडा म्हणाला, "माय, त्याले समजलं होतं. तू दर वर्षी जेवू घालत होती ना."

"जेवाले तं मी कोनालेबी घालते," म्हातारी म्हणाली. "म्या तोंडानं म्हनाले पाह्यजे होतं."